एका सेकंदाला एक मिलिमीटर

मागच्या खेपेला जयपूरचं जंतरमंतर, म्हणजे तिथली जुनी वेधशाळा, चाळीस मिनिटांत उरकलं होतं, त्याची रुखरुख मनात राहिली होती. म्हणून या नाताळच्या सुट्टीत एकटीच गेले. दार उघडताच आत शिरले आणि दुपार होईपर्यंत बाहेर पडले नाही.

बृहत् सम्राट यंत्र हे खरं तर सावलीचं प्रचंड घड्याळ, पण लांबून नुसता आभाळात घुसलेला जिना वाटतो. सुमारे २७ मीटर उंचीची त्रिकोणी भिंत, तिच्या पाठीवरून चढत गेलेल्या पायऱ्या आणि टोकाला छत्री. पण तिची तिरकी कड जमिनीशी २७ अंशांचा कोन करते, म्हणजे बरोबर जयपूरच्या अक्षांशाइतका. त्यामुळे ती पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे दोन प्रचंड चाप आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या चापावर असते आणि मध्यान्हापर्यंत खाली उतरत येते. मग ती पूर्वेच्या चापावर चढायला लागते.

चापाची त्रिज्या साधारण १५ मीटर. एवढ्या मोठ्या वर्तुळावर सावली सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त सरकते. हे वाचलेलं होतं. तिथे उभं राहून एका रेघेवर नजर खिळवली आणि मिनिटभरात सावली जवळजवळ चार बोटं पुढे गेली. घड्याळाचा काटा सरकताना पाहणं वेगळं. इथे पायाखालची पृथ्वी वळत होती आणि ते वळणं मला दिसत होतं. अंगावर काटा आला.

मोबाइलमध्ये १० वाजून ७ मिनिटं झाली होती, सावली ९.४० दाखवत होती. यंत्र चुकत नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि जयपूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथला सूर्य सुमारे २७ मिनिटं मागे. वर्षातल्या बहुतेक दिवशी यात आणखी काही मिनिटांची भर किंवा घट होते. डिसेंबरच्या अखेरीला ती जवळपास शून्य असते.

खरी अडचण सावलीच्या कडेची आहे. वाकून पाहिलं तर कड रेघेसारखी नसतेच. गडद, मग करडी, मग फिकट, असा वीतभर नाही तरी चांगला रुंद पट्टा. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे असं होतं. मग यावर दोन सेकंदांपर्यंत वेळ कशी वाचायची? युक्ती अशी, की बारीक दोरा ताणून सावलीच्या कडेला समांतर, चापापासून जेमतेम बोटभर वर धरायचा. दोऱ्याची सावली मोठ्या सावलीत विरते ती जागा वाचायची. जवळच्या लघु सम्राट यंत्रापाशी मी शालीचा एक धागा ओढून हे करून पाहिलं. पहिल्या दोन वेळा हात हलला. तिसऱ्यांदा धाग्याची सावली हलकेच नाहीशी झाली, आणि तीनशे वर्षांपूर्वी इथे बसलेल्या माणसाचा हात क्षणभर माझ्या हातात आला असं वाटलं.

ही वेधशाळा बांधणाऱ्या जयपूरच्या राजाने, सवाई जयसिंहाने (१६८८–१७४३), दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा उभारल्या. आधी त्याने पितळी यंत्रं करून पाहिली होती. ती लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र जागचं सरकतं, अशी त्याची तक्रार होती. म्हणून दगड-चुना. आणि त्याच्याही मागे कारण होतं ते हे, की कोष्टकांतून काढलेली ग्रहांची जागा आकाशाशी जुळत नव्हती.

ही कोष्टकं कुठून कुठून आली होती ते पाहिलं की मी थक्क होते. अलेक्झांड्रियात इसवी सन १५०च्या आसपास टॉलेमीने ग्रीकमध्ये लिहिलेला खगोलशास्त्राचा ग्रंथ अरबीत गेला, आणि अरबीवरून जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तो संस्कृतात आणला. युक्लिडची भूमितीही त्यानेच आणली. समरकंदच्या उलुगबेगने १४३७ मध्ये १,०१८ ताऱ्यांची यादी केली होती. जयसिंहाच्या कोष्टकांच्या ग्रंथात तीच यादी आहे, फक्त प्रत्येक ताऱ्याच्या आकाशातल्या रेखांशात चार अंशांहून थोडी जास्त भर घालून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून जवळपास तीन शतकांत आकाश तेवढं सरकलं होतं.

१७२७ मध्ये त्याने पोर्तुगालला माणसं पाठवली. ती फ्रेंच ज्योतिर्विद ला हीरची कोष्टकं घेऊन आली. जयसिंहाने ती वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. अर्धा अंश म्हणजे चंद्राची स्वतःचीच रुंदी! युरोपातून आलं म्हणून मान तुकवली नाही, याचं मला फार कौतुक आहे.

तरी एक गोष्ट मनाला लागतेच. न्यूटनचा गतिनियमांचा ग्रंथ १६८७ चा, जयसिंहाच्या जन्माच्या आदल्या वर्षीचा. जयसिंहाकडे दुर्बीण होती, गुरूचे चार चंद्र त्याने पाहिले होते, पण मोजमापाचं काम दगडावरच राहिलं. सम्राट यंत्राचे दोन सेकंद म्हणजे आकाशातले ३० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). त्याच सुमारास, १७२९ मध्ये, इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीचा शोध प्रसिद्ध झाला: पृथ्वीच्या गतीमुळे तारे वर्षभरात सुमारे २० विकला इकडेतिकडे सरकलेले दिसतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा तो आकाशातला पहिला थेट पुरावा. या भव्य भिंतीच्या चिमटीत तो मावणारच नव्हता, कितीही धागे ताणले तरी. मी त्या कठड्याशी याच विचारात बराच वेळ उभी होते.

मग जयप्रकाश यंत्राकडे गेले. जमिनीत खोदलेल्या दोन संगमरवरी वाट्या, म्हणजे उलटं घातलेलं आकाश. एका वाटीत जिथे पृष्ठभाग आहे तिथे दुसरीत मोकळी वाट. वेध घेणारा त्या वाटेने आत उतरून खालून वर पाहू शकावा, म्हणून अशी जोडी. मध्ये तारांवर टांगलेली कडी, तिची सावली पडते तिथे सूर्य.

सव्वाबारानंतर पुन्हा सम्राट यंत्रापाशी आले. सावली पश्चिमेच्या चापाच्या तळाशी, भिंतीला टेकत आली होती. १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास ती भिंतीच्या पायाशी विरली आणि दोन्ही चाप लख्ख उन्हात होते. मी घाईने पूर्वेच्या बाजूला गेले. तिथे भिंतीलगत, नखाएवढी, करडी कड उमटायला लागली होती.