देसूरच्या दगडाचं वय

बेळगावहून खानापूरकडे येताना देसूर लागतं. लहानपणापासून माझ्यासाठी ते एक रेल्वे स्टेशन होतं, बस्स. एम.एस्सी.ला वर्गात कळलं, सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांत अगदी वरच्या गटाचं नावच 'देसूर' आहे. अंगावर काटा आला. प्रकल्प घरच्याच दगडावर करायचा, हे तिथंच ठरलं.

पहिले नमुने रस्त्याकडेला उघड्या पडलेल्या खडकातून घेतले आणि तिथंच चुकलं. दगड दिसायला काळाभोर. पण पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर लाव्हा झटकन थिजून झालेल्या काचेची माती झालेली, फेल्डस्पार या खनिजाच्या कडा धुरकट. आमच्याकडचा पाऊस दगडालाही सोडत नाही! दगडातल्या थोड्या पोटॅशियमचा हळूहळू आरगॉन-४० वायू होतो, तो किती साठलाय त्यावरून वय काढतात. अशा दगडातून आरगॉन निसटलेला असतो, मग वय खऱ्यापेक्षा कमी येतं. सहा महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं. त्या रात्री खूप रडले.

मग खडी मशीनच्या खाणीत उतरले. "दगडाचं वय काढून काय करतीस गं पोरी?" तिथल्या मामांनी विचारलं. सगळं सांगितल्यावर त्यांनीच घण मारून आवाज ऐकवला. कुजका दगड बद्द वाजतो, ताजा खणखणीत. तळातला खणखणीत तुकडा उचलला. उन्हात धरला की त्यातल्या बारीक फेल्डस्पारच्या सुया चमकायच्या.

तो फोडला, चाळला, आम्लात धुतला. भिंगाखाली एकेक स्वच्छ कण वेचायला तीन आठवडे लागले. पुढं कण अणुभट्टीत गेले. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं पोटॅशियम-३९ चा आरगॉन-३९ होतो, त्यावरून पोटॅशियम किती ते कळतं. मग कण टप्प्याटप्प्यानं तापवून आरगॉन-४० शी त्याचं प्रमाण मोजतात. मधल्या टप्प्यांची वयं एका पातळीत आली तर भरवसा ठेवायचा. माझी आली! ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास.

पण या बेसाल्टमध्ये, म्हणजे आमच्या काळ्या दगडात, पोटॅशियम मुळातच थोडं, त्यामुळं चुकीची मर्यादा काही लाख वर्षांची. आणि खरा वाद तर त्याहून बारीक आहे. २०१९ मध्ये थरांमधल्या झिरकॉन या खनिजाच्या वयावरून एका गटाला चार मोठे उद्रेक दिसले. आरगॉन मोजणाऱ्या दुसऱ्या गटाला लाव्हा जवळजवळ सलग वाहिलेला दिसला. माझ्या आकड्यानं तो वाद सुटणार नाही. झिरकॉन बेसाल्टात क्वचितच मिळतो, दोन थरांमधल्या तांबड्या मातीत शोधावा लागतो.

मामा म्हणतात, पलीकडच्या खाणीत तसला तांबडा पट्टा दिसतोय. पाऊस उघडला की तिकडं जायचंय.