पदग्रहणाची संध्याकाळ

रोटरीचं, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांच्या सेवाभावी संस्थेचं, वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. जगभरातल्या सगळ्याच क्लबांचं तसं. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावातला पदग्रहण समारंभ दरवर्षी हटकून भर पावसात आला. सभागृहाच्या दाराशी छत्र्यांचा ढीग, पायऱ्यांवर अंथरलेली गोणपाटं, आणि आत कोट-टायमधले नि पैठण्यांमधले ओळखीचे चेहरे. पाऊस कितीही असो, हॉल भरायचाच.

सुरुवातीची बरीच वर्षं मी तिथे ‘अ‍ॅन’ म्हणून, म्हणजे रोटेरियनची पत्नी म्हणून जात असे. मुलं लहान होती, तीही सोबत. दीपप्रज्वलन, राष्ट्रगीत आणि मग चतुर्विध कसोटीचं वाचन. आपण जे बोलतो, करतो ते सत्य आहे का, संबंधित सगळ्यांना न्याय्य आहे का, त्याने सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं होईल का. शिकागोत हर्बर्ट टेलर यांनी १९३२ साली, डबघाईला आलेली कंपनी सावरताना, हे चार प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी लिहून काढले होते. आमच्या मुलांना ते पाढ्यांसारखे पाठ होते आणि घरात भांडण झालं की ती आमच्यावरच वापरायची!

मग येई तो क्षण. मावळते अध्यक्ष गळ्यातली कॉलर काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालायचे. निळ्या पट्ट्यावर पितळी पट्ट्या, प्रत्येकीवर एका माजी अध्यक्षाचं नाव आणि साल. दरवर्षी एक पट्टी वाढे, बाजारपेठेतल्या नावं कोरणाऱ्या कारागिराकडे जूनमध्येच ती टाकलेली असे. क्लबची सनद, घंटा आणि हातोडाही त्याच वेळी सुपूर्द व्हायचा. टाळ्या सरल्या की मावळते अध्यक्ष व्यासपीठावरची आपली खुर्ची सोडून बाजूच्या खुर्चीत बसायचे. हे बसणं मला फार आवडायचं. सोसायटी असो, संस्था असो, मंडळ असो, एकदा हाती आलेली खुर्ची सोडताना आपल्याकडे काय काय होतं ते आपण सगळे पाहतो. इथे मात्र पद एका वर्षाचं, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. पुढचा अध्यक्षही किमान दीड वर्ष आधी निवडलेला असतो, तो शेजारी उभा राहून काम शिकत असतो. त्यामुळे ‘माझ्यानंतर काय’ हा प्रश्नच पडत नाही. मनात एवढंच राहतं, की हाती बारा महिने आहेत आणि माणसं सोबत घेतली तरच काही होईल.

ही माणसंही कशी, तर एकेका व्यवसायातली. रोटरीचा संस्थापक पॉल हॅरिस हा वकील २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत ज्या तिघांना भेटला, त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी होता. व्हरमाँटमधल्या छोट्या गावात वाढलेला हा माणूस मोठ्या शहरात एकटा पडला होता. गावातला आपलेपणा त्याला शहरात हवा होता, म्हणून ही मंडळी एकमेकांच्या कचेरीत पाळीपाळीने भेटू लागली. आमचं तर गावच होतं, ओळखी भरपूर होत्या. पण डॉक्टर डॉक्टरांत आणि व्यापारी व्यापाऱ्यांत. बुधवारच्या सभेमुळे किराणा मालाचे घाऊक व्यापारी सर्जनसाहेबांना ‘अहो डॉक्टर’ न म्हणता नावाने हाक मारू लागले. वीज मंडळातले अभियंते वकीलसाहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे राहिले. संस्थेच्या भाषेत याला फेलोशिप म्हणतात. आमच्याकडे ती बहुतेक वेळा कांदाभजी आणि चहावर चालायची.

१ जुलै हा डॉक्टरांचा दिवस, चार्टर्ड अकाउंटंटांचा दिवस, आणि महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषिदिनही. त्यामुळे समारंभाआधी सकाळी गावातल्या एखाद्या डॉक्टरांचा, सीएंचा आणि शेतकऱ्याचा सत्कार व्हायचा. शेतकरी दादा पेरणी टाकून कसे येणार? मग आम्हीच चिखल तुडवत बांधावर जायचो. ओल्या रानात शाल पांघरायची आणि नारळ द्यायचा. वहिनींच्या हातचा गुळाचा चहा घ्यायचा आणि परत फिरायचं.

पण माझ्या आठवणीत खरी रुतून बसली ती आभाराची भाषणं. एरवी आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधू लागतात. आमच्याकडे मावळत्या अध्यक्षांचं आभाराचं मनोगत हाच कार्यक्रमाचा गाभा असायचा. ही प्रथा सुरू केली आमच्या एका जुन्या अध्यक्षांनी, ते माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा आग्रह असे की आभार ‘सर्व ज्ञात-अज्ञात’ असे मोघम मानायचे नाहीत. कोणी काय केलं ते सांगायचं. मोतीबिंदू शिबिराच्या रात्री पेशंटांच्या नातेवाइकांना सतरंज्या कोणी दिल्या, रक्तदानाच्या दिवशी बिस्किटं संपली तेव्हा दुकान कोणी उघडलं, हे नावानिशी आणि कामानिशी. त्यासाठी वर्षभर वहीत टिपून ठेवावं लागे, आणि टिपायचं म्हणजे आधी बघावं लागे.

२०१४ चा समारंभ तर मी विसरूच शकत नाही. त्या वर्षी २७ मार्चला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला होता. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लसचा, म्हणजे पोलिओ हटवण्याच्या मोहिमेचा, संकल्प सोडला, त्यानंतर तीन वर्षांनी जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं या आजाराने गाठली जात होती. आमच्या क्लबचा वाटा त्यात चिमूटभर, पण तो मनापासूनचा होता. पल्स पोलिओच्या रविवारी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पिशव्या भरलेला डबा यायचा. लसीच्या कुपीच्या लेबलवर वर्तुळात एक फिका चौकोन असतो. उष्णता लागली की तो काळवंडत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. हे मला आमच्या परिचारिका बाईंनी शिकवलं. दोन थेंब, मग डाव्या करंगळीवर शाई. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी जाऊन दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहायचं. ‘एक्स’ म्हणजे इथलं मूल राहिलंय, पुन्हा यायचं. जानेवारी-फेब्रुवारीत कारखान्याचा हंगाम ऐन भरात. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, रात्रीत एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलायच्या. त्या शोधत टेम्पोवाले भाऊ आम्हाला पहाटे पाचटातून घेऊन जायचे, कारण दिवस उजाडला की आईबाप फडात आणि लेकरं त्यांच्यामागे.

त्या जुलैत मावळते अध्यक्ष होते हार्डवेअरचे व्यापारी, बोलणं अगदी मोजकं. ते म्हणाले, “पोलिओच्या बूथवर एकदा तरी बसलेल्यांनी उभं राहावं.” आधी सदस्य उठले. मग मागच्या रांगेतून शाळेचे शिपाई मामा, ज्यांनी दर रविवारी वर्ग उघडून दिला. टेम्पोवाले भाऊ. एकेकाळी शाई लावायला बसलेली, आता कॉलेजात जाणारी चार मुलं. स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून उभे असलेले आचारी. अर्धा हॉल उभा होता.

मग निवृत्त परिचारिका बाईंना वर बोलावलं. रोटरी फाउंडेशनला कोणाच्या नावे हजार डॉलर दिले की त्या व्यक्तीला पॉल हॅरिस फेलो हा मान मिळतो, ती क्लबची सदस्य असायला लागत नाही. सदस्यांनी वर्गणी काढून बाईंच्या नावे ते पैसे भरले होते आणि त्यांना कळू दिलं नव्हतं. निळ्या-सोनेरी फितीचं पदक गळ्यात पडलं तेव्हा त्या अवघडून म्हणाल्या, “अहो, मला कशाला? मी पगार घेत होते.” खालून वकीलसाहेब उठून म्हणाले, “बाई, कोप्या शोधायला पहाटे चारला उठण्याचा पगार कोणी दिला होता?” बाई हसल्या, मग पदर तोंडाला लावून खाली उतरल्या. त्या रात्री मसालेभाताची पंगत उशिरापर्यंत चालली, आणि बाईंच्या ताटात जिलबी वाढायला माजी अध्यक्षांची रांग लागली होती.

स्त्रियांना रोटरीची दारं अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर आधी तिथे आणि १९८९ मध्ये जगभर उघडली. आमच्या गावात ते यायला वेळ लागला. पण गणिताच्या सरांनी माझं नाव सुचवलं तेव्हा एकही हात विरोधात वर गेला नाही, याचं मला आजही अप्रूप आहे. पुढे अध्यक्षपदाची कॉलर माझ्याही गळ्यात आली. ती दिसते त्याहून जड असते. माझी वही वर्षभर पर्समध्ये होती, आणि आभाराचं भाषण मी चार वेळा लिहिलं, कारण दर वेळी कोणीतरी राहून गेल्याचं आठवायचं. २०२२ मध्ये जेनिफर जोन्स रोटरी इंटरनॅशनलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तेव्हा आमच्या सभेत पेढे वाटले गेले. ते आणले होते सर्जनसाहेबांनी.

आता माजी अध्यक्षांच्या वाट्याला येणारी कामं माझ्याकडे आहेत. नोंदवहीवर सह्या घ्यायच्या, पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायचं, जेवणाच्या ताटांचा हिशोब हार्डवेअरवाल्या भाऊंबरोबर बघायचा. यंदा अध्यक्ष होणारी मुलगी औषधांचं दुकान चालवते, माझीच विद्यार्थिनी. परवा ती घरी येऊन माझी जुनी वही मागून घेऊन गेली. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे, म्हणून आपल्याकडेही डोस चालूच आहेत, आणि पुढच्या फेरीला कोप्यांवर कोण कोण येणार याची यादी तिने आत्ताच करायला घेतली आहे.