विरोळा आणि चिलापी

आज पैठणला नाथसागराच्या काठावर एका भोई काकांच्या जाळ्यात विरोळा, म्हणजे पाण्यातला साप, अडकलेला पाहिला. अंगावर सोंगट्यांच्या पटासारखी काळी चौकट, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा, आणि तोंडात अर्धवट गिळलेला चिलापी मासा. चिलापीच्या पाठीवरचे काटे ताठ उभे! एकाने दगड उचललाच होता (आपल्याकडे आधी दगड, मग चौकशी). काका जाळं कापत म्हणाले, "इखारी न्हाई हे, पण चावतं लई कडकडून."

चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली १९५२ मध्ये. मादी अंडी तोंडातच सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात. काकांचं रडगाणंही तेच, जाळ्यात हीच जास्त.

अमेरिकेतल्या इरी सरोवरातल्या पाणसापाची गोष्ट मात्र भारी आहे. १९९९ मध्ये तो सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला. त्या सुमारास काळ्या समुद्राकडचा गोबी मासा मालवाहू जहाजांत तोल राखायला भरलेल्या पाण्यातून तिथल्या सरोवरांत पोचला होता. पुढे सापाच्या आहारात ९० टक्क्यांहून जास्त गोबीच! साप वाढले, २०११ मध्ये यादीतून बाहेर. पण एकट्या गोबीला श्रेय देऊ नका, बेटांवरच्या लोकांनी साप मारणं कमी केलं आणि काठही राखले गेले.

आपला विरोळा चिलापी आवरेल असं मला काही वाटत नाही. ती वाढते भराभर आणि याला बेडूकही तेवढेच आवडतात. तरी काकांनी त्याला सोडला ते बरंच केलं.