त्रेचाळीस युरो वीस सेंट

मे 2024 मध्ये मी, पत्नी आणि आई असे तिघे पॅरिस, फ्लॉरेन्स आणि रोम असा प्रवास करून आलो. पॅरिसमध्ये ऑपेराजवळच्या एका मोठ्या दुकानात पत्नीने 245 युरोंची हँडबॅग आणि 70 युरोंचे अत्तर घेतले आणि आईने पसंत केलेला 45 युरोंचा स्टोल त्याच बिलात घातला. एकूण 360 युरो झाले. काउंटरवरील मुलीने पासपोर्ट मागितला, संगणकावर काही भरले आणि बिलासोबत करपरताव्याचा एक छापील अर्ज आमच्या हाती दिला. त्यावर परत मिळणारी रक्कम लिहिली होती, 43 युरो 20 सेंट. पत्नी बँकेत नोकरी करते, त्यामुळे तिने उभ्या उभ्या हिशोब केला आणि मला विचारले, "इथे कर वीस टक्के आहे ना? मग बहात्तर का नाहीत?"

प्रश्न रास्त आहे, आणि परदेशी खरेदीवरील करपरताव्याविषयी बहुतेकांची पहिली निराशा इथेच होते. फ्रान्समध्ये व्हॅट वीस टक्के आहे हे खरे. पण दुकानातील चिठ्ठीवरची किंमत ही कर धरून असते, म्हणजे वस्तूची मूळ किंमत 300 युरो आणि तिच्यावरील कर 60 युरो. कर म्हणून आपण भरलेले आहेत ते साठच. त्या साठांमधूनही दुकान आणि परताव्याचे काम पाहणारी मध्यस्थ कंपनी आपापला वाटा ठेवतात आणि प्रवाशाच्या हाती बिलाच्या साधारण बारा टक्के उरतात. आमच्या बाबतीत 16 युरो 80 सेंट असे वाटेत गळाले. जाहिरातीत मात्र वीस हा आकडाच ठळक असतो.

या व्यवहाराला सगळे परतावा म्हणतात आणि त्यामुळेच त्यामागचे तर्कशास्त्र लक्षात येत नाही, असे मला वाटते. पर्यटक पाहुणा आहे म्हणून सरकारने दिलेली ही सवलत नव्हे. व्हॅट हा त्या देशात होणाऱ्या उपभोगावरचा कर आहे. जी वस्तू देशाबाहेर जाते तिच्यावर तो लागत नाही, मग ती जहाजात कंटेनर भरून जावो की तुमच्या बॅगेतून. फ्रान्समधील त्या अर्जाचे अधिकृत फ्रेंच नावच मुळी 'निर्यात-विक्रीचा तक्ता' अशा अर्थाचे आहे. थोडक्यात, 360 युरोंचा माल नेणारे आम्ही किरकोळ निर्यातदार होतो, आणि निर्यातदाराला जे जे सिद्ध करावे लागते ते सगळे आम्हाला सिद्ध करायचे होते. एकदा असा विचार केला की एरवी जाचक वाटणारे नियम आपोआप उलगडतात. हॉटेलचे भाडे, जेवण, संग्रहालयाची तिकिटे यांवरील कर परत का मिळत नाही? कारण ते सगळे तिथेच उपभोगून झाले. वस्तू न वापरलेली का असावी लागते? कारण वापर तिथे सुरू झाला तर निर्यात कसली? फ्लॉरेन्सला एका सकाळी पाऊस पडून हवेत गारठा आला, तेव्हा मी हे सगळे आईला समजावून सांगत होतो. "अरे, थंडी वाजतेय आणि स्टोल पिशवीत ठेवून त्याची पूजा करू का?" असे ती म्हणाली, आणि तिच्याकडेही रास्त मुद्दा होता. शेवटी तिने पत्नीचा स्वेटर घातला.

हक्क कोणाला, याचे उत्तरही याच विचारातून निघते. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा यापेक्षा तुमचे कायमचे वास्तव्य कुठे आहे हे महत्त्वाचे असते. माझी मावसबहीण म्युनिकला नोकरी करते. पासपोर्ट भारतीय असला तरी तिच्याकडे जर्मनीचा निवास परवाना आहे, म्हणून तिला हा परतावा मिळत नाही. तिच्याकडे महिनाभर राहायला गेलेल्या मावशीला मात्र मिळतो. आता यातून जी युक्ती कोणाच्याही डोक्यात येईल ती, म्हणजे मुलीला हवा असलेला फोन आईच्या पासपोर्टवर घ्यायचा, कागदावर शिक्का मारून घ्यायचा आणि फोन तिथेच ठेवायचा, ही सरळ सरळ फसवणूक आहे. कस्टम्सचा अधिकारी वस्तू समोर ठेवायला सांगतो ते याचसाठी.

किमान खरेदीची अट देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये बिल 100 युरोंच्या वर असावे लागते, जर्मनीत 2020 पासून 50 युरोंच्या वर, आणि स्पेनने 2018 मध्ये ही अट पूर्णच काढून टाकली. इटलीत पूर्वी 154 युरो 94 सेंट असा विचित्र आकडा होता; लिराच्या काळातील तीन लाखांचे ते युरोमध्ये केलेले रूपांतर. फेब्रुवारी 2024 पासून तो 70 युरोंवर आला, आणि आम्ही नेमके त्यानंतर गेलो. फ्लॉरेन्सच्या सान लोरेंझो बाजाराजवळ एका चामड्याच्या दुकानात मी 48 युरोंचे पाकीट घेतले आणि पत्नीने तिच्या भावासाठी 39 युरोंचा पट्टा. मी सवयीने माझे पैसे देऊन मोकळा होणार, तोच दुकानदार आजोबांनी हाताने थांबण्याची खूण केली, दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या आणि विचारले, "एकच बिल, एकच पासपोर्ट?" वेगवेगळी बिले केली असती तर दोन्ही मर्यादेखाली राहिली असती. एकत्र 87 युरो झाले आणि परताव्याला पात्र ठरले. मात्र केवळ मर्यादा ओलांडण्यासाठी आणखी एखादी वस्तू घेणे हा तोट्याचाच व्यवहार आहे; दहा युरो परत मिळावेत म्हणून वीस युरोंची कीचेन घेणारी माणसे मी पाहिली आहेत.

आता माल बाहेर गेल्याचा पुरावा म्हणून अर्जावर घ्यायच्या कस्टम्सच्या शिक्क्याविषयी, कारण सारे गाडे इथेच अडते. युरोपीय संघातील देश करापुरते एक अंगण मानले जातात, त्यामुळे पॅरिसहून रोमला जाताना फ्रान्समध्ये काहीच करायचे नसते; ज्या ठिकाणाहून माल संघाबाहेर पडतो तिथल्या कस्टम्सने तो पाहायचा असतो. त्यासाठी खरेदीचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, म्हणजे मे महिन्यातील खरेदीसाठी 31 ऑगस्ट. वस्तू चेक-इनच्या बॅगेत असेल आणि ती बॅग थेट मुंबईपर्यंत जाणार असेल, तर बॅग ताब्यात देण्यापूर्वी, त्याच विमानतळावर. वस्तू हातातील बॅगेत असेल तर संघातील शेवटच्या विमानतळावर. सात वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्रवासात मला हे ठाऊक नव्हते. एका मोठ्या विमानतळावर आधी बॅगा देऊन टाकल्या आणि मग निवांतपणे अर्ज घेऊन खिडकीशी गेलो. अधिकाऱ्याने घड्याळाचे बिल पाहिले, घड्याळ कुठे आहे असे विचारले आणि मी सरकत्या पट्ट्याच्या दिशेने बोट दाखवले. त्याने अर्ज परत केला. जर्मनीत कस्टम्सच्या पाटीवर जो शब्द असतो त्याचा उच्चार 'त्सोल' असा होतो, पण रोमन अक्षरे मराठी डोळ्यांनी वाचली तर तो 'झोल' असा वाचला जातो. त्या दिवशी मला तो अगदी अन्वर्थक वाटला होता, जरी झोल माझाच होता.

आपल्याकडच्या सहलींच्या दृष्टीने याहून मोठा सापळा स्वित्झर्लंडचा आहे. पॅरिस पाहून मग आल्प्स आणि झुरिचहून परत, असा कार्यक्रम अनेकांचा असतो. शेंगेन व्हिसा एकच असल्यामुळे सगळा एकच प्रदेश वाटतो. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. झुरिचहून मायदेशी परतणाऱ्याचा फ्रान्समधील माल स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच संघाबाहेर पडतो आणि शिक्का तिथेच घ्यावा लागतो. झुरिचच्या विमानतळावर फ्रान्सच्या अर्जाचे काही होत नाही. सहलीची बस ती हद्द रात्री ओलांडते, प्रवासी झोपलेले असतात, आणि बस थांबवा असे सांगायचे कोणाच्या लक्षातही येत नाही. सहल आखणाऱ्यांनी हे प्रवाशांना आधीच सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. खुद्द स्वित्झर्लंडमधील खरेदीचा हिशोब वेगळा आहे: कर 8.1 टक्के आणि किमान बिल 300 फ्रँक, त्यामुळे चॉकलेटांपुरता तो विषय नाहीच.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर आम्ही नेहमीपेक्षा दीड तास आधी पोहोचलो. परताव्याच्या सगळ्या वस्तू एका छोट्या बॅगेत, मूळ पिशव्यांसह आणि किमतीच्या चिठ्ठ्यांसह ठेवल्या होत्या. अत्तराची बाटली 50 मिलिलिटरची असल्याने ती हातातील बॅगेत चालणार होती. 100 मिलिलिटरच्या वरचे द्रव पदार्थ, वाइन किंवा ऑलिव्ह तेल असते तर चेक-इनपूर्वीच सगळे दाखवून घ्यावे लागले असते. फ्लॉरेन्सच्या बिलाची नोंद इटलीच्या संगणकीय यंत्रणेत आधीच होती, त्यामुळे ते काम लवकर आटोपले. पॅरिसच्या अर्जाचे तसे नव्हते. फ्रान्समधून निघणारा प्रवासी विमानतळावरील 'पाब्लो' यंत्रासमोर अर्जावरील बारकोड धरतो आणि काम होते. पण इटलीतून निघताना तोच अर्ज कस्टम्सच्या खिडकीत देऊन त्यावर खरा, शाईचा शिक्का घ्यावा लागतो आणि दुकानाने दिलेल्या लिफाफ्यात घालून तो पाठवावा लागतो. खिडकीतील बाईंनी पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पाहिला, हँडबॅग वर काढायला लावली, शिवणीवरून एकदा बोट फिरवले आणि शिक्का मारला. अत्तर आणि स्टोल पाहिलेही नाहीत. शिक्का मारलेल्या अर्जाचा मी आधी फोनवर फोटो काढला आणि मग तो लिफाफ्यात घातला. लिफाफा हरवला तर हाती काही पुरावा असावा.

पैसे कसे घ्यायचे याचा निर्णय त्याच जागी घाईघाईत करावा लागतो, म्हणून तो आधीच करून ठेवावा. रोख घेतल्यास प्रत्येक अर्जामागे वेगळे शुल्क कापले जाते, आणि रुपयांत देऊ असे कोणी म्हटले तर विनिमयाचा दर त्यांचा असतो, आपला नव्हे. आम्ही कार्डावर आणि युरोमध्येच मागितले. शहरातील काउंटरवर आगाऊ रोख मिळण्याचीही सोय असते, पण त्यासाठी क्रेडिट कार्ड तारण म्हणून नोंदवून घेतात. शिक्क्याचा अर्ज मुदतीत पोहोचला नाही तर दिलेले पैसे दंडासह कार्डावरून वळते होतात. ज्यांचा पुढील प्रवास अनेक देशांतून आहे त्यांनी या सोयीच्या वाटेला जाऊ नये.

लंडनला जाणाऱ्यांसाठी एक खुलासा: ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून ही योजना उत्तर आयर्लंड वगळता बंद केली आहे. जुन्या आठवणींच्या भरवशावर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पासपोर्ट पुढे करू नये. सिंगापूरचा कारभार मात्र पाहण्यासारखा आहे. किमान 100 सिंगापूर डॉलरच्या खरेदीवर 9 टक्के जीएसटीचा परतावा पासपोर्टच्या आधारे विमानतळावरील यंत्रावर होतो. आपल्याकडेही 2017 च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 15 मध्ये परदेशी पर्यटकांना असा परतावा देण्याची तरतूद आहे.

मुंबईत उतरल्यावर निर्यातदाराचा आयातदार होतो. परताव्यासाठी जे बिल इतके जपून ठेवले होते तेच आता वस्तूची किंमत सांगणारा कागद ठरते, आणि सामानाच्या नियमांतील मर्यादेपेक्षा खरेदी जास्त असेल तर तिथे शुल्क भरावे लागते. महागडे घड्याळ घेऊन युरोपात दोनशे युरो वाचवणाऱ्याने हा दुसरा हिशोब निघण्यापूर्वीच करावा. आमची खरेदी मर्यादेत होती, त्यामुळे आम्ही हिरव्या मार्गाने बाहेर पडलो.

फ्लॉरेन्सचे पैसे तीन आठवड्यांत कार्डावर जमा झाले. पॅरिसचे त्रेचाळीस युरो वीस सेंट जुलैच्या विवरणपत्रात दिसले. आईने मात्र तोवर वाट पाहिली नव्हती. रोमहून विमान सुटताच तिने बॅग मागून घेतली, स्टोलची चिठ्ठी दाताने तोडली आणि तो अंगावर ओढून मुंबईपर्यंत झोपली.