खिडकीच्या कट्ट्यावरची रेघ

जून १९८७ मध्ये मी आठवीत आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहायला आलो, तेव्हा माझ्या लोखंडी पेटीच्या तळाशी, स्वेटरच्या घडीत, काकांनी वापरून सोडलेला दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता. रात्री दहाला दिवे मालवण्याची घंटा होई आणि नेमके तेव्हाच विविध भारतीवर ‘छायागीत’ लागे. अकराला ‘बेला के फूल’ होई आणि त्यानंतर ते केंद्र बंद झाले की उरे ती केवळ खरखर.

पुढच्या वर्षी, आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी असताना, १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली. तिचा १,००० किलोवॉटचा प्रक्षेपक नागपूरजवळ बुटीबोरीला, म्हणजे आपल्या शाळेच्या थेट उत्तरेला होता. नववीत परत आल्यावर काटा सहज उजव्या टोकाकडे, १६ च्या आकड्याच्या किंचित अलीकडे नेला, तर १५६६ किलोहर्ट्झवर मध्यरात्रीनंतरही कोणीतरी शांतपणे बोलत होते. गाणी, तासातासाला बातम्या, पुन्हा गाणी, असे ते पहाटेपर्यंत चाले. उन्हात वाळवून पुन्हा घातलेल्या मरतुकड्या सेलवरसुद्धा ते केंद्र खणखणीत लागे. परीक्षेच्या दिवसांत पहाटे तीनला उठणाऱ्याला त्या आवाजाची फार सोबत वाटे, हे माझ्या वर्गमित्रांपैकी कोणीही नाकारणार नाही.

मात्र माझा जीव जडला तो राजकोटवर. तिथल्या १०७१ किलोहर्ट्झवरून रात्री आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस ऐकू येई आणि तिच्यातील ‘तामील-ए-इरशाद’ या फर्माइशींच्या कार्यक्रमात, कधी न पाहिलेल्या गावांतील श्रोत्यांची नावे अशा अदबीने घेतली जात, की आपलेही नाव एकदा तसे उच्चारले जावे असे वाटे. हे केंद्र दिवसा मुळीच लागत नसे. रात्री लागले तरी आवाज लाटेसारखा येई आणि ऐन अंतऱ्यात ओसरे. शिवाय नागपूरची गडगड मधूनमधून त्यावर चढे. पुष्कळ खटपटीनंतर ध्यानात आले, की ट्रान्झिस्टरची लांब बाजू उत्तर-दक्षिण धरली की नागपूर दबते आणि पश्चिमेचे राजकोट उघडते. अंधारात ती दिशा हाताला सापडावी म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर मी कर्कटकाने एक खोल रेघ ओढून ठेवली.

याचे कारण मी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले. संचाच्या आत लहरी पकडणारी फेराइटची कांडी असते आणि तिचे टोक ज्या केंद्राकडे रोखावे तेच केंद्र क्षीण होते, हे त्यांनी खडू आडवा-उभा धरून दाखवले. दिवसा उन्हामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर जो थर तयार होतो तो मध्यम लहरी गिळून टाकतो, रात्री तो विरतो आणि त्याहून वरच्या थरावर आपटून त्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात, असेही त्यांनी सांगितले. मी भारावून ऐकत असतानाच त्यांनी विचारले, “पण राजकोट रात्रीच लागते, हे तुला कसे कळले रे?”

त्याच आठवड्यात गृहपालांनी खोलीची झडती घेतली. दोन्ही घटनांचा संबंध होता असा माझा आजही संशय आहे, पण पुरावा नाही. ट्रान्झिस्टर दिवाळीच्या सुट्टीनंतर परत मिळाला तेव्हा सेल आतल्या आत फुटून स्प्रिंगांवर हिरवट पांढरा थर चढला होता. काचकागदाने घासघासून मी तो पुन्हा बोलता केला, परंतु ध्वनीची कळ फिरवताना येणारी चरचर काही गेली नाही.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय प्रसारण सेवा बंद झाली. ट्रान्झिस्टर अजून माझ्याकडे आहे; १५६६ वर काटा नेला की चरचर तेवढी ऐकू येते.

आपल्या शाळेच्या या महोत्सवानिमित्त वसतिगृहात गेलो असता आपली जुनी खोली पाहिली. कट्ट्यावर रंगाचे कित्येक हात चढले आहेत, पण बोट फिरवले की रेघ लागते. सध्या तिथे राहणाऱ्या मुलाला ती ठाऊक होती. आपली आणि खोलीतील सोबत्याची जागा वाटून घेण्यासाठी ती कोणीतरी आखली आहे, असे त्याने मला समजावून सांगितले. रेघेच्या एका बाजूला त्याची पुस्तके होती, दुसऱ्या बाजूला सोबत्याची. मी त्याला काही बोललो नाही.