भिंतीवरचे संत

फ्रान्समध्ये रात्रीच्या बातम्या संपल्या की हवामानाचा अंदाज येतो. ढग कुठून कुठे सरकणार, किनाऱ्यावर वारा किती, डोंगरात बर्फ पडणार का, हे सगळं सांगून झाल्यावर निवेदिका जाता जाता आणखी एक बातमी देते: उद्या कातरीन नावाच्या सगळ्यांना शुभेच्छा! परवा आणखी कुणाला तरी. १९०५ साली कायदा करून चर्चला सरकारपासून वेगळं काढलेला हा देश. सरकारी शाळेत ठळक धार्मिक चिन्हं घालून यायचं नाही, असा २००४ मध्ये कायदा करणारा देश. आणि उद्या कोणत्या संताचा दिवस, हे टीव्हीवर तापमानाच्या बरोबरीने सांगतात! यात काही विसंगत आहे असं इथे कुणालाच वाटत नाही.

मी रेन शहरात राहतो, फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात. इथे आल्यापासून माझी सगळ्यात जास्त करमणूक केली असेल तर ती स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरने. रोजच्या तारखेपुढे एक नाव. १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन असतो हे आपल्याला दुकानदारांनी शिकवलंय, पण इथे १३ आणि १५ तारखेलाही कुणीतरी असतंच. ऑफिसात आपल्या नावाचा दिवस असला की लोक 'बॉन फेत', म्हणजे शुभेच्छा, म्हणतात, वाढदिवसापेक्षा दोन पायऱ्या खालच्या आवाजात. माझ्या नावाचा संत अर्थातच नाही. सहकाऱ्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी जवळचं नाव शोधून पाहिलं, आणि नाद सोडून दिला.

हे कॅलेंडर दुकानातून आणायचं नसतं. नोव्हेंबरच्या आसपास एका संध्याकाळी, एरवी पत्रं खालच्या डब्यात टाकून निघून जाणारा पोस्टमन बेल वाजवतो. हातावर जाड पुठ्ठ्याच्या कॅलेंडरांची चळत. निवडा म्हणतो. टोपलीत बसलेली मांजराची पिल्लं, कुत्र्याची पिल्लं, धुक्यातले घोडे, आणि ब्रिटनीत असल्यामुळे लाटा अंगावर घेणारं दीपगृह. किंमत कुठेच छापलेली नसते. "तुम्हाला वाटेल ते, मस्यू." 'वाटेल ते' म्हटल्यावर माझ्यासारख्याची जी अवस्था होते ती काय वर्णावी. दहाची नोट द्यावी तर आपण खर्चिक ठरतो का, पाचची द्यावी तर वर्षभर पार्सलं शेजाऱ्यांकडे जातील का! ही कॅलेंडरं पोस्टमन छापखान्याकडून स्वतःच्या पैशाने विकत घेतात आणि वर जे सुटेल ते त्यांचं. म्हणजे हिशेबाने ही पोस्तच, फक्त हातात काहीतरी ठेवून मागितलेली. पुढे अग्निशमन दलाचे जवान येतात त्यांचं कॅलेंडर घेऊन, मग कचरा नेणारे. नकली कॅलेंडरवाल्यांपासून सावध राहा, ओळखपत्र मागा, अशा सूचनाही दर वर्षी निघतात.

पोस्टाच्या कॅलेंडरात पुठ्ठ्याच्या आत काही पानं असतात. आपल्या जिल्ह्याचा नकाशा, गावांची यादी, सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला. हा प्रकार सुरू केला तो आमच्या रेनच्याच ओबेर्तूर नावाच्या मुद्रकाने, १८५०च्या दशकात. त्याच्या नावाची बाग गावात अजून आहे. माझ्या शेजारच्या आजींकडे कितीतरी वर्षांची जुनी कॅलेंडरं कपाटावर रचून ठेवलेली आहेत. टाकत का नाही विचारलं तर म्हणाल्या, मागे लिहिलेलं असतं ना. पाहिलं तर खरंच, बारीक पेन्सिलीने: मीटरचं रीडिंग, दातांचा डॉक्टर, कुणाची तरी अंत्ययात्रा.

हे संत एकदा पुसून टाकायचा प्रयत्न झाला होता, आणि तो साधासुधा नव्हता. क्रांती झाली, राजा गेला, मग म्हणाले राजाचं पंचांग कशाला? ऑक्टोबर १७९३ मध्ये नवीन कालगणना आली आणि ती मागल्या वर्षापासून, २२ सप्टेंबर १७९२ पासून, लागू धरली. त्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं होतं आणि योगायोगाने दिवस-रात्रही समसमान होती. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवसांचे, उरलेले पाच-सहा दिवस वर्षाच्या शेवटी उत्सवाचे. महिन्यांची नावं ठेवली फाब्र देग्लांतीन नावाच्या कवी आणि नटाने, आणि ती त्याने ठेवली मात्र झकास: द्राक्षांच्या तोडणीचा वांदेमियेर, धुक्याचा ब्रुमेर, बर्फाचा निवोज, पावसाचा प्ल्युव्योज, कोंब फुटण्याचा जेर्मिनाल. त्याच्या मदतीला पॅरिसच्या वनस्पती उद्यानाचे आंद्रे तुआं होते. कारण खरं काम पुढेच होतं. वर्षाच्या प्रत्येक दिवसावर बसलेला संत उठवायचा आणि त्याच्या जागी शेतकऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी बसवायचं.

मग दिवसांना नावं मिळाली ती द्राक्ष, केशर, चेस्टनट, गाजर अशी. दर पाचव्या दिवशी एक प्राणी, दर दहाव्या दिवशी शेतीचं एक अवजार. वांदेमियेरची पंधरा तारीख गाढवाची. हिवाळ्यात जमीन गोठलेली, उगवत काहीच नाही, म्हणून निवोज महिन्यात माती आणि खनिजं आली: दगडी कोळसा, डांबर, गंधक. आठव्या दिवशी शेणखत. आणि पाचवा दिवस प्राण्याचा, म्हणून कुत्रा. हा पाचवा निवोज १७९३ मध्ये पडला २५ डिसेंबरला. येशूच्या जन्मदिवशी कुत्रा! मुद्दाम केलं की पाचाच्या पाढ्यात आपसूक आलं, देव जाणे. पण गावच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं मेणबत्ती लावलेल्या म्हातारीला हे कुणी आणि कसं समजावून सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बिचाऱ्या फाब्रला स्वतःचं कॅलेंडर फार दिवस बघायला मिळालं नाही. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी गुंडाळण्याच्या व्यवहारात लबाडी केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि ५ एप्रिल १७९४ रोजी क्रांतीचा पुढारी दांतों याच्याबरोबर त्याचंही डोकं उडवलं गेलं. त्याच्याच कॅलेंडरात तो जेर्मिनालचा सोळावा दिवस. दिवस सलाडच्या पानांचा.

लोकांना मात्र गाजर-गाढवाचं फारसं काही वाटलं नसावं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आठवडा दहा दिवसांचा झाला होता, म्हणजे सुट्टी सातव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी. वर्षाला बावन्न रविवार जात होते आणि बदल्यात छत्तीस सुट्ट्या मिळत होत्या. शिवाय संतांच्या सणांच्या सुट्ट्या गेल्या त्या वेगळ्याच. जगातल्या कुठल्याही कामगाराला विचारा, अशी क्रांती त्याला नको असते. दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटं करण्याचा हुकूमही निघाला होता, पण तो १७९५ मध्येच गुंडाळावा लागला. घड्याळं कोण बदलणार? नेपोलियनने १८०२ मध्ये रविवार परत आणला आणि १ जानेवारी १८०६ पासून अख्खं कॅलेंडरच रद्द केलं. संत आपापल्या जागी येऊन बसले. थेर्मिदोर हा त्या कॅलेंडरातला ऐन उन्हाळ्यातला महिना तेवढा एका नाटकाच्या नावावरून लॉब्स्टरला चिकटला आणि हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर जगला.

जाता जाता संतांना सरकारी संरक्षणही मिळालं. १८०३ च्या कायद्याने ठरलं की मुलाचं नाव वापरातल्या कॅलेंडरांतलं किंवा प्राचीन इतिहासातल्या नामवंताचं असावं. गंमत म्हणजे या कायद्याची स्वतःची तारीख आहे ११ जेर्मिनाल, वर्ष अकरा. पुढे अंमलबजावणी सैल होत गेली, तरी नाव पसंत-नापसंत करण्याचा कारकुनाचा अधिकार सरसकट गेला तो १९९३ मध्ये. ब्रिटनीतल्या एका कुटुंबाने मुलांच्या ब्रेटन, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेतल्या, नावांसाठी वर्षानुवर्षं कज्जे केले, ते इथले म्हातारे अजून तावातावाने सांगतात. आणि समुद्रापारच्या फ्रेंच वसाहतींत १४ जुलैला जन्मलेल्या काही मुलांची नावं फेतनात ठेवली गेली म्हणे. का, तर कॅलेंडरात त्या तारखेपुढे 'राष्ट्रीय दिन' हे संक्षेपात तसं छापलेलं असायचं. आईबापांनी कायदा अक्षरशः पाळला, दुसरं काय!

सगळे संत सारख्या योग्यतेचे नसतात. शेतीवाडीशी संबंध असलेल्यांची प्रतिष्ठा और. ८ जूनचा सें (म्हणजे संत) मेदार हा सहाव्या शतकातला बिशप. लहानपणी तो पावसात सापडला तेव्हा गरुडाने पंख पसरून त्याला कोरडं ठेवलं अशी कथा आहे. मेदारला पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो, अशी म्हण. हे मला पहिल्यांदा शेजारच्या आजींनी सांगितलं तेव्हा मी दचकलोच. ७-८ जून म्हणजे आपला मृग! साताऱ्याला आई त्याच दोन दिवसांत पंचांग काढून मृगाचं वाहन बेडूक आहे की म्हैस ते बघायची आणि त्यावरून पाऊस ठरवायची. फरक इतकाच की आपण त्या तारखेला पाऊस यावा म्हणून आभाळाकडे बघतो आणि इथे तो येऊ नये म्हणून. आला तरी धीर सोडायचा नाही, ११ जूनला सें बार्नाबे आहे, तो मेदारचं सगळं रद्द करू शकतो. अपिलाची सोय ठेवलेली आहे.

दुसरी म्हण सेंत ल्यूसची, १३ डिसेंबरची: ल्यूसपासून दिवस पिसवेच्या उडीएवढा वाढतो. आता सूर्य काही १३ डिसेंबरला वळत नाही, २१-२२ ला वळतो. म्हणजे म्हण चुकली? नाही, कॅलेंडर सरकलं. जुन्या ज्युलियन गणनेत सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांची तफावत साचली होती, म्हणून सूर्य तेव्हा ल्यूसच्याच आसपास वळायचा. फ्रान्सने ती १५८२ च्या डिसेंबरात काढून टाकली, ९ तारखेनंतर एकदम २० तारीख. त्या वर्षी फ्रान्समध्ये सेंत ल्यूसचा दिवस उगवलाच नाही. तरीही लोक चार शतकांहून अधिक काळ तीच पिसू उडवताहेत.

आणि मे महिन्यातले ते तीन थंडगार संत: ११ ला मामेर, १२ ला पांक्रास, १३ ला सेर्व्हे. हे तिघं शेवटची थंडी घेऊन येतात, म्हणून ते गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर लावायची नाहीत. आमच्या आजी एप्रिलभर खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं वाढवतात, डब्यांना खाली भोकं पाडून, प्रत्येकावर चिकटपट्टीवर जात लिहून. एकदा मी त्यांना कॅलेंडरच दाखवलं. त्यात या तीन तारखांना मामेर, पांक्रास, सेर्व्हे कुणीच नाही. एस्तेल, आशिल आणि रोलांद आहेत. आजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही नवीन माणसं. यांना थंडीतलं काय कळतंय?" रोपं १४ तारखेला बाहेर गेली.

उरलेले लोक कॅलेंडरात संत बघत नाहीत, गुरुवार बघतात. वर्षाच्या अकरा सरकारी सुट्ट्यांपैकी सहा चर्चच्या आहेत, आणि येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी नेमाने गुरुवारी येते. शुक्रवार टाकला की चार दिवस मोकळे. याला इथे 'पूल बांधणे' म्हणतात, आणि पूल बांधण्यात आस्तिक-नास्तिक असा भेद नसतो. ऑफिसातला माझा सर्वात कट्टर निधर्मी सहकारी जानेवारीतच स्वर्गारोहणाची तारीख काढून रजेचा अर्ज टाकतो.

२९ फेब्रुवारीचा संत ऑग्युस्त. चार वर्षांतून एकदाच त्याचा दिवस येतो, म्हणून त्याच्या सोबतीला १९८० पासून एक वर्तमानपत्रही आहे. 'ला बूजी द्यू सापर', फक्त २९ फेब्रुवारीलाच निघतं. आतापर्यंत बारा अंक झाले. त्याला रविवारची पुरवणीही आहे. ती २९ फेब्रुवारी रविवारी आला तरच निघते. पहिली निघाली २००४ मध्ये. पुढची २०३२ ला.