आमची वाटचाल : पदर उलटा करून बघा

आमचं दुकान नाशिकच्या मेन रोडवर नाही, आतल्या बोळात आहे. मेन रोडची जागा चालून आली होती, सासूबाईंनी नको म्हटलं. "बस्ता बांधायला आलेली माणसं चार दुकानं पालथी घालतातच, त्यांना बोळ सापडतो," असं त्या म्हणायच्या. त्यांनी ऐंशीच्या दशकात घरातच गादी टाकून आहेराच्या साड्या विकायला सुरुवात केली. मग मानपानाच्या, मग नवरीच्या, आणि मी हाताशी आल्यावर फक्त नवरीच्याच.

येवल्याचे विणकर अण्णा तेव्हापासूनचे. एसटीने यायचे, धुतलेल्या धोतरात गुंडाळलेल्या पैठण्या घेऊन. पहिल्या खेपेला सासूबाईंकडे पैसे नव्हते. अण्णा दोन्ही साड्या गादीवर ठेवून गेले, "विकल्या की द्या" म्हणाले. चिठ्ठी नाही, सही नाही. तो व्यवहार आजही तसाच चालतो, आता त्यांचा मुलगा बघतो एवढाच फरक.

अण्णांच्या मागावर बसून मी पदर विणला जाताना पाहिला आहे, म्हणून ठामपणे बोलते. मोराच्या मानेचा निळा, पिसाऱ्याचा हिरवा, चोचीचा लाल, प्रत्येकाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी. रंग जिथे संपतो तिथे विणकर धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे फिरवतो. त्यामुळे मोर पुढून जसा, मागून तसाच. काठही कडियलचा: आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे, दोन काठांना दोन आणि अंगाला एक. बारीक मुनिया काठ आणि साधा पदर असेल तर महिनाभरात साडी उतरते. भरगच्च नक्षीची ब्रोकेड असेल तर कित्येक महिने जातात, आणि तेवढे दिवस त्या घरातली दोन माणसं त्या एकाच साडीची असतात.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे समोरचं दुकान. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. तो मुलगा आमच्याच गादीवर घड्या घालायला शिकला. सासूबाईंनी त्याला जर ओळखायला शिकवलं, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर कसा टाकायचा ते शिकवलं. त्याने स्वतःचं दुकान काढलं, त्याबद्दल तक्रार नाही. माझा आक्षेप त्याने साड्यांना लावलेल्या चिठ्ठीवर आहे. नक्षी आपोआप पाडणाऱ्या जकार्डच्या यंत्रमागावरची पैठणी, आणि चिठ्ठी 'अस्सल हातमाग, येवला'.

गिऱ्हाईक आमच्याकडे यायचं, तासभर बसायचं, मोर, आसावली, बांगडी मोर, सगळ्या नक्ष्या बघायचं आणि म्हणायचं, "काकू, समोर हीच साडी तिसऱ्या हिश्शात मिळते." मी पदर उलटा करून दाखवायची. यंत्राच्या साडीत एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत धागे मागच्या बाजूने लोंबत जातात, किंवा कापून टाकलेले असतात आणि बोटाला खरखर लागते. मी भिंग हातात द्यायची. काहींना पटायचं. पण मुलीच्या बापाच्या खिशात ठरलेली रक्कम असते, आणि समोर एसी होता, चहा-नाश्ता होता, पुतळ्याला नेसवलेली साडी होती. माणसं तिकडे जायची. त्यांना मी दोष देत नाही. यंत्राची साडी घेणंही वाईट नाही, आम्हीही सेमी पैठणी ठेवतो, पण तिच्यावर सेमी असंच लिहितो.

२०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वाटलं, आता सुटलो. पण खोटी चिठ्ठी छापणाऱ्याला विचारायला दुकानात कोण येतं? अण्णांचे शेजारी माग विकून मजुरीला लागले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याही सलग लग्नसराया पडत गेल्या. मांडणीत माल पडून, व्यापाऱ्यांची देणी थकलेली. आमचे हे म्हणायला लागले की गाळा भाड्याने देऊ.

त्यातच ८ नोव्हेंबर २०१६ उजाडला, नोटाबंदीचा दिवस. तुळशीचं लग्न दोन-तीन दिवसांवर, म्हणजे आमचा खरा हंगाम सुरू व्हायचा होता. ठरलेले बस्ते एका रात्रीत पुढे गेले. चालू खात्यातून आठवड्याला पन्नास हजारच निघायचे, त्यात विणकरांची मजुरी भागवायची, रेशीमवाल्याचे द्यायचे आणि घर चालवायचं. लग्नघरांना अडीच लाख काढायची मुभा मिळाली, पण बँकेत पत्रिका आणि याद्या घेऊन फिरणाऱ्या बापाला साडीचं काय सुचणार? समोर मोठं भांडवल होतं, ते तरले. आमच्या दुकानात दुपारपर्यंत भवानी होत नसे. अण्णांनी त्या हिवाळ्यात एकदाही पैशांचा विषय काढला नाही. उलट मुलाच्या हाती नवीन साडी पाठवली आणि निरोप दिला, "माग थांबवायचा नाही, थांबला की हात जातो."

आणि निफाडच्या बाई. त्या शाळेत शिकवायच्या. थोरल्या लेकीचा शालू आणि पैठणी त्यांनी आमच्याकडूनच नेली होती. धाकटीचं लग्न अजून ठरायचं होतं. त्या डिसेंबरात त्या आल्या, जांभळी पैठणी निवडली, नारळी काठाची, आणि पूर्ण रकमेचा चेक लिहून दिला. मी म्हटलं, बाई, मुलगा तरी बघा आधी. त्या म्हणाल्या, "मुलगा मिळेल हो. तुमचं दुकान बंद झालं तर साडी कुठून आणू?" त्या चेकवर आम्ही तीन विणकरांची मजुरी भागवली. गाळा भाड्याने गेला नाही.

मधली वर्षं बरी गेली. २०२० च्या टाळेबंदीत ऐन लग्नसराई बुडाली, २०२१ च्या एप्रिलमध्ये तर दोन तासांत, पंचवीस माणसांत लग्न उरकायचं असा नियम होता. तरी नवरीला साडी लागतेच. आम्ही व्हिडिओ कॉलवर पदर उलटा करून दाखवायला लागलो, तेव्हा लांबलांबच्या मुली जोडल्या गेल्या.

आता बस्त्याला निघालेल्यांना काही गोष्टी सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. साडीचा रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका, दारात उजेडात न्या. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या रंगाचा असला की पैठणी हलवल्यावर रंग बदलतो, तो नवरीच्या गळ्याशी धरून बघा, हातावर नाही. सिल्क मार्क असला म्हणजे रेशीम खरं, एवढंच कळतं. साडी हातमागाची की यंत्राची ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. शंका असेल तर आतल्या टोकाचा एक धागा ओढून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. होमासमोर बसायचं असतं, म्हणून हे मी विशेष सांगते.

नऊवारी घेताना मोजून घ्या. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर, आणि कमी भरलेली साडी काष्ट्याला अपुरी पडते. आम्ही अजून सासूबाईंच्या लोखंडी गजानेच मोजतो. हल्ली शिवलेली नऊवारी हवी असते, हरकत नाही, पण त्यासाठी हातमागाची पैठणी कापू नका. कात्री लागली की ती पुढच्या पिढीला नेसता येत नाही. शिवायला हलकं कापड घ्या, पैठणी स्वागत समारंभाला अखंड नेसा. गौरीहर पुजताना मामाकडची पिवळी अष्टपुत्री असेल तर तिचे पैसे वाचवून पैठणीत घालू नका, मामाचा मान राहू द्या. आणि जरीवर अत्तर मारू नका, प्लास्टिकमध्ये ठेवू नका, मलमलीत गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी मोडून उलटी घाला.

समोरच्या दुकानात आजही त्या चिठ्ठ्या आहेत. आमच्याकडे प्रत्येक पैठणीच्या बिलावर विणकराचं नाव आणि गाव लिहून मिळतं, आणि ज्याला खात्री करायची असेल त्याला आम्ही येवल्याला मागावर नेतो.

अण्णांच्या मुलाने मागांवर नवा ताणा चढवला आहे. वैशाखातली लग्नं असतील त्यांनी रंग आणि पदर दिवाळीआधी सांगावा, ब्रोकेडला त्याहून आधी.